मरळीच्या तळ्यात सोबती कोणते?

मत्स्यसंवर्धनावरील कोणतीही पुस्तिका उघडली, तरी पहिल्या दोन-तीन पानांत एक सूचना हमखास आढळते. ती अशी की, मत्स्यबीज सोडण्यापूर्वी तळ्यातील हिंस्र माशांचा पूर्ण नायनाट करावा. या माशांच्या यादीत मरळ सर्वांत वर असते. तिच्या मागोमाग शिवडा आणि मागूर येतात. सरासरी एक मीटर खोल पाण्यास हेक्टरी २,५०० किलो मोहाची पेंड घालावी, मेलेले मासे काढून घ्यावेत, पेंडीचा विषार उतरण्यास दोन ते तीन आठवडे जाऊ द्यावेत आणि नंतरच कटला, रोहू व मृगळ यांचे बीज सोडावे, असा हा क्रम असतो. ही सूचना चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे, आणि तिच्या अपुरेपणाचा भुर्दंड शेतकऱ्यास सोसावा लागतो.

कारण ज्या मरळीस पुस्तिका शत्रू ठरविते, तिलाच बाजार डोक्यावर घेतो. मरळ ही पाण्यावर येऊन हवा घेणारी मासळी असल्यामुळे थोड्याशा पाण्यातही ती दीर्घकाळ तग धरते व जिवंत विकली जाते. तिच्या मांसात बारीक काटे कमी असतात. आजारातून उठलेल्या माणसास मरळीचे कालवण द्यावे, ही समजूत अनेक ठिकाणी रूढ आहे. तेलंगण राज्याने तर तिला राज्यमाशाचा मान दिला आहे. कटला-रोहूच्या तुलनेने जिवंत मरळीस पुष्कळच अधिक भाव मिळतो, हे शेतकऱ्यास कोणी सांगावे लागत नाही. परिणामी, विस्तार कार्यकर्त्याने कितीही नको म्हटले, तरी शेततळ्यात मरळ येतेच; ती शेतकऱ्याच्या हाताने येते आणि बहुधा गुपचूप येते. अशा वेळी ‘नायनाट करा’ एवढेच सांगून थांबणे म्हणजे प्रश्नाकडे पाठ फिरविणे होय. ज्याने मरळ पाळण्याचे ठरविलेच आहे त्यास तिच्याबरोबर काय ठेवावे, केव्हा ठेवावे आणि काय मुळीच ठेवू नये, हे सांगणारा कोणीतरी गावात असला पाहिजे.

एक साधा हिशोब पाहावा. तीस मीटर लांब व तीस मीटर रुंद शेततळ्याचा विस्तार ९०० चौरस मीटर भरतो. हेक्टरी ५,००० बोटुकली या सर्वसाधारण प्रमाणाने अशा तळ्यात ४५० बोटुकली सोडावी लागते. या तळ्यात मागील वर्षाच्या केवळ दहा मरळी राहून गेल्या आहेत असे समजावे. प्रत्येक मरळीने दिवसास एकच बोटुकली खाल्ली, तरी पंचेचाळीस दिवसांत तळे रिकामे होते. वर मेलेला एकही मासा तरंगत नाही, पाण्यास दुर्गंधी येत नाही, जाळे ओढण्याचा दिवस उजाडेपर्यंत शेतकरी निश्चिंतपणे खाद्य टाकीत राहतो. मग बीज निकृष्ट होते, बगळ्यांनी खाल्ले, शेजाऱ्याने रात्री जाळे टाकले, असे नाना संशय निघतात. खरा अपराधी तळाशी स्वस्थ पडून असतो.

मरळ आपल्या भक्ष्याचे तुकडे करून खात नाही. ते सगळेच्या सगळे गिळते. म्हणून तिचा सोबती निवडताना माशाची जात पाहण्यापूर्वी त्याचे माप पाहावे. जे तिच्या तोंडात मावते ते तिचे भक्ष्य, आणि जे मावत नाही त्याच्या वाटेस ती सहसा जात नाही. सावधगिरीचा हिशोब म्हणून, मरळ स्वतःच्या लांबीच्या निम्म्यापर्यंत लांब असलेला निमुळता मासा गिळू शकते, असे धरून चालावे. म्हणजे एक फुटाची मरळ असेल, तर सहा इंचांपर्यंतचा मृगळ सुरक्षित नाही. त्याच लांबीचा कटला मात्र अंगाने उंच व डोक्याने रुंद असल्यामुळे घशात सहज उतरत नाही. माशांची लांबी सर्वजण मोजतात. अंगाची उंची मोजणारा शेतकरी क्वचितच आढळतो, आणि सोबत्याचा जीव पुष्कळदा या उंचीवरच अवलंबून असतो.

यातून पुढची गोष्ट उघड होते. एकच तळे, तेच मासे आणि तोच शेतकरी असूनही पहिल्या वर्षी मिश्रपालन साधते आणि दुसऱ्या वर्षी फसते. पहिल्या वर्षी कटला व रोहू चांगले पाव किलोचे झाल्यावर शेतकरी बोटभर मरळी त्यांच्यात सोडतो. वर्षअखेर कार्प मासे किलोच्या घरात जातात आणि मरळही विकण्याजोगी होते. कोणी कोणास खात नाही. हे पाहून त्याचा धीर वाढतो. तो मोठे मासे काढतो, लहान राहिलेल्या मरळी ‘आणखी वाढतील’ म्हणून तळ्यातच ठेवतो आणि त्यांच्यावर नवे बीज सोडतो. पहिल्या वर्षी जो सोबती होता तोच आता घास झाला, हे त्याच्या ध्यानात येत नाही. मरळीचा स्वभाव पालटलेला नसतो. मापांचे नाते तेवढे उलटलेले असते. म्हणून कार्प आधी आणि मोठे, मरळ नंतर आणि लहान, हा क्रम कोणत्याही वर्षी मोडता कामा नये. हंगाम संपताच प्रत्येक मरळ बाहेर काढल्याखेरीज नवे बीज आणण्यास जाऊही नये.

‘प्रत्येक मरळ’ हे शब्द लिहिण्यास सोपे आहेत. मातीच्या तळ्यात मरळ जाळ्याखालून निसटते, जाळ्यावरून उडी मारते व पाणी आटले की चिखलात शिरून राहते. जून उजाडला, पहिले पाणी आले, की ती पुन्हा हजर होते. गावतळे किंवा पाझर तलाव येथे तिला निःशेष काढणे जवळजवळ अशक्य आहे. अशा जलाशयात मरळीचे मुद्दाम पालन करू नये, आणि जी आहे ती गृहीत धरून दहा सेंटीमीटरपेक्षा मोठी बोटुकलीच तेथे सोडावी, हेच शहाणपणाचे होय. जिरे किंवा अर्धबोटुकली स्वस्त पडते म्हणून ती अशा तलावात ओतणारी संस्था मरळीस खाद्य पुरविते, एवढेच म्हणता येईल. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्याची गोष्ट निराळी आहे. तेथे चिखलाचा आसरा नसतो. उन्हाळ्यात पाणी पिकास देऊन तळ कोरडा केला, की शेवटची मरळही हाती लागते. महाराष्ट्रात २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेमुळे गावोगाव तळी झाली आहेत. त्यांपैकी अस्तराच्या तळ्यांतच मरळीचे स्थान आहे, असे स्पष्ट मत येथे मांडावेसे वाटते. मात्र पावसाळ्याच्या रात्री ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जाण्याची तिची खोड ध्यानात ठेवून तळ्याच्या काठाने जाळीचे कुंपण घातलेच पाहिजे.

आणखी एका बाबतीत मरळ कार्प माशांहून भिन्न आहे, आणि ती बाब पुष्कळांस ठाऊक नसते. कटला, रोहू व मृगळ साचलेल्या पाण्यात आपोआप वीत नाहीत. १९५७ च्या जुलै महिन्यात कटक येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाच्या टोचणीने कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले, त्यानंतर बीजाची सोय झाली. आणि आजही बीज विकतच आणावे लागते. मरळ मात्र तळ्यातच विते. पाणवनस्पतींच्या कडेस ती अंडी घालते, आणि पिले स्वतंत्र होईपर्यंत आईबाप त्यांची राखण करतात. पावसाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर लालसर-नारिंगी पिलांचा पुंजका एकत्र हेलकावे घेताना दिसला, तर तळ्यातील मरळींची संख्या आता शेतकऱ्याच्या वहीतील संख्या राहिलेली नाही, असे समजावे. तो पुंजका बारीक जाळीच्या घोळण्याने त्याच दिवशी उचलावा. पिले वेगळ्या हौदात वाढविता येतात व त्यांस गिऱ्हाईकही मिळते.

सोबती केवळ गिळला गेल्यानेच मरतो असे नाही. मरळ वरची हवा घेते. कटला-रोहूस पाण्यात विरघळलेला प्राणवायूच हवा. मरळीसाठी टाकलेले मांसाचे किंवा मासळीचे खाद्य उरले, की ते सडते आणि पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते. ढगाळ दिवसांत, पहाटेच्या सुमारास, तो सर्वांत कमी असतो. त्या वेळी कार्प मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात, आणि मरळ मात्र मजेत असते. सकाळी शेकडो कार्प पांढरी पोटे वर करून तरंगताना पाहिल्यावर मरळीवर खुनाचा आळ येतो. वास्तविक तिने एकासही दात लावलेला नसतो. त्यामुळे मरळ दाट व कार्प विरळ अशी जोडी करू नये. ज्यास मरळ दाट ठेवून तिला बाहेरचे खाद्य देऊन वाढवायचे आहे, त्याने तळ्यात कार्प ठेवण्याचा मोह सोडावा. ज्यास कार्पचे उत्पन्न मुख्य हवे, त्याने मरळ मूठभरच ठेवावी व तिच्यासाठी वेगळे खाद्य टाकूच नये. बेडूक, टोळ, पाणकिडे आणि आगंतुक लहान मासे यांवर तिचे भागते.

आगंतुक म्हटले की चिलापीचे नाव घ्यावे लागते. मूळ आफ्रिकेतील हा मासा भारतात १९५२ मध्ये आणला गेला. उजनीच्या जलाशयापासून गावच्या ओढ्यापर्यंत तो आता सर्वत्र आहे. मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते. काही महिन्यांची होताच ती विऊ लागते व पुनःपुन्हा वीत राहते. म्हणून एकदा चिलापी शिरली की तळ्यात मासे उदंड होतात आणि वाढ खुंटते. जाळे भरून येते, पण त्यात बोटभर चिलापीशिवाय काही नसते. येथे मरळ शत्रू नसून मजूर आहे. मोठ्या चिलापी तळ्यात असताना लहान मरळी सोडल्या, तर त्या पिलांचा फडशा पाडतात, मोठ्यांस धक्का लावू शकत नाहीत, आणि शिल्लक चिलापी अंग धरतात. ज्या चिलापीस शेतकरी शिव्या देतो, तिच्या पिलांपासून तिच्याहून महाग मासा तयार होतो. मरळीस याहून चांगला सोबती शोधून सापडणार नाही. तथापि, मरळीसाठी म्हणून चिलापी नव्याने तळ्यात आणू नये. जेथे ती आधीच आहे, तेथेच हा उपाय करावा.

मरळीची सर्वांत वाईट सोबतीण दुसरी मरळ होय, हे ऐकून नवशिक्यास नवल वाटते. एकाच विणीची पिलेही सारखी वाढत नाहीत. काही पुढे जातात आणि मागे राहिलेल्या भावंडांस गिळून आणखी पुढे जातात. हजार पिले आणून दोन महिन्यांनी अडीचशे मोजणाऱ्या शेतकऱ्याने बीज विकणाऱ्यास दोष देण्यापूर्वी उरलेल्या अडीचशेंची पोटे आठवावीत. यावर उपाय एकच, तो म्हणजे छाननी. लहानपणी दर दोन-तीन आठवड्यांनी मापाप्रमाणे मासे वेगळे करून त्यांस वेगवेगळ्या हौदांत किंवा जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवावे. पोटभर खाद्य आणि लपण्यास थोडी जागा, मग ते पाइपाचे तुकडे असोत की एका कोपऱ्यात बांबूच्या चौकटीत रोखलेली जलपर्णी असो, यांनीही मारामारी कमी होते. बीज घेताना जातही ओळखून घ्यावी. आपल्याकडे पट्टेरी मरळ आणि तिच्याहून पुष्कळ मोठी होणारी मरळ, अशा दोन्ही ‘मरळ’ याच नावाने विकल्या जातात. मोठ्या जातीच्या पिलांच्या शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा काळा ठिपका असतो, व ती मीटरभराच्याही पुढे वाढू शकते. या दोहोंची पिले एका हौदात ठेवली, तर काही महिन्यांत एकच जात उरते.

मागूर आणि शिंगी या आपल्या देशी माशांबद्दल थोडक्यात एवढेच की, दोघेही हवा घेणारे असल्यामुळे पाण्याच्या बाबतीत ते मरळीशी जमवून घेतात, आणि बरोबरीच्या मापाचे असल्यास टिकतातही. शिंगीचा काटा विषारी असतो, हे हाताळणाऱ्याने विसरू नये. शिवडा मात्र तळ्यात कोणाबरोबरही ठेवू नये. त्याचे जबडे डोळ्यांच्याही मागे फाकतात आणि तो वाढला की मरळीसही गिळतो. ‘थाई मागूर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या आफ्रिकी मागुरावर तर भारतात २००० मध्येच बंदी घालण्यात आली. तरीही तो चोरून येतो, कारण तो घाणीत वाढतो आणि मिळेल ते खातो. बीज विकणारा त्यास नुसते ‘मागूर’ म्हणतो. स्वस्त, भरमसाट वाढणारा मागूर कोणी दारात आणून देत असेल, तर त्या व्यवहारात पडूच नये.

विहिरींचा उल्लेख कोणत्याही मत्स्यपुस्तिकेत नसतो, म्हणून येथे करणे जरूर आहे. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य कर्मचारी विहिरींत व हौदांत गप्पी मासे सोडतात. त्याच विहिरीत कोणी हौसेने एखादी मरळ आणून टाकतो. गप्पी मासा दोन इंचांपेक्षाही लहान. तो मरळीस चण्याफुटाण्यासारखा. गप्पी संपले की अळ्या वाढतात, आणि तापाची साथ आल्यावर विहिरीतील त्या मरळीची कोणास आठवण होत नाही. गावात हिवताप किंवा डेंग्यू आढळल्यास कार्यकर्त्याने विहिरीत गप्पी आहेत का हे पाहावे, आणि नसतील तर ते का नाहीत हेही विचारावे.

शोभेच्या माशांचा व्यवसायही आता तालुक्याच्या गावांत पोहोचला आहे, आणि काचेच्या टाकीत मोठे हिंस्र मासे पाळण्याची आवड तरुणांत वाढत आहे. ऑस्कर, अरवाना, मगरीसारख्या जबड्याचा ॲलिगेटर गार हे मासे दुकानात बोटभर असताना विकले जातात. तळ्यातील मापाचा नियम टाकीतही तसाच लागू पडतो. ऑस्करबरोबर बरोबरीचे, उंच अंगाचे मासे टिकतात. बारीक, चकचकीत, झुंडीने फिरणारे मासे एका रात्रीत नाहीसे होतात. ॲलिगेटर गार तर दोन मीटरच्याही पुढे वाढतो. त्यास सोबती कोणता द्यावा या प्रश्नाचे उत्तर ‘कोणताच नाही, आणि तो मासाही आणू नये’ हेच आहे. खरी आपत्ती पुढे येते. टाकी अपुरी पडू लागते, सोबती संपलेले असतात, रोजचे खाद्य परवडत नाही. आणि मासा मारवत नाही म्हणून दयाबुद्धीने तो जवळच्या पाण्यात सोडला जातो. मे २०२३ मध्ये काश्मीरच्या दल सरोवरात पाणवनस्पती काढताना ॲलिगेटर गार सापडला. अमेरिकेच्या दक्षिण भागातील हा मासा तेथे स्वतःहून पोहोचणे शक्य नव्हते.

याच प्रकारची एक घटना अमेरिकेत मरळीच्याच कुळातील माशाबाबत घडली. मेरिलँड राज्यातील क्रॉफ्टन या गावी एका माणसाने आजारी बहिणीस सूप करून देण्यासाठी चिनी मरळीची एक जोडी जिवंत विकत आणली. मासे येईपर्यंत बहीण बरी झाली. त्याने ते घरच्या टाकीत ठेवले, आणि पुढे त्यांस पोसणे जड होऊ लागल्यावर गावातील सुमारे चार एकरांच्या तळ्यात सोडून दिले. २००२ मध्ये त्या तळ्यात या माशांची शेकडो पिले सापडली. शेवटी सरकारने त्या सप्टेंबरात तळ्यात विष घालून त्यातील सर्व मासे, देशी व परके, एकजात मारले. २००४ मध्ये हीच जात पोटोमॅक नदीत आढळली. तेथून ती आजतागायत काढता आलेली नाही.

आपल्याकडे मरळ देशी आहे, म्हणून ती ओढ्यात गेल्यास तेवढा धोका नाही. टाकीतील परदेशी माशाचे तसे नाही. टाकीत न मावणारा मासा दुकानदारास परत द्यावा, नाहीतर मारून पुरावा. पण घागरीत घालून त्यास नदीवर नेऊ नये. शेततळ्यातील वाढलेल्या मरळीसाठी मात्र उन्हाळ्यातील बाजाराचा दिवस धरून आदल्या संध्याकाळी पाणी उपसण्यास आरंभ करावा, म्हणजे पहाटे ती जिवंतपणी टोपलीत पडते आणि तळेही पुढच्या बीजासाठी मोकळे होते.